चाळून झालेल्या बागेतली चांदी
पन्नास वर्षं लोकांनी जी बाग यंत्रं फिरवून साफ केली, तिथे माझा मामा अजूनही जुनी नाणी शोधतो. आठ दिवस मीही त्याच्याबरोबर खड्डे खणले!

शनिवारची सकाळ, साडेसात वाजलेत. थंडी अशी की आपल्याला नाक आहे की नाही हे हाताने चाचपून बघावं लागतंय. जेट लॅग उतरलेला नाही. आणि मी शिकागोतल्या एका बागेत गुडघ्यांवर बसून ओल्या मातीतून खिळा उपसतेय. गंजलेला, वाकडा, अडीच इंची खिळा. हा अकरावा.

"मस्त!" मामा म्हणतो. आणि मनापासून म्हणतो, हे विशेष.

मी इथे खिळे गोळा करायला आलेली नव्हते. मामेबहिणीचं लग्न होतं म्हणून ऑक्टोबरात पंधरा दिवस काढून पुण्याहून आले होते. फ्रीलान्सर असण्याचा हा एक फायदा, रजा कुणाकडे मागावी लागत नाही (पगारही कुणाकडे मागता येत नाही, तो विषय वेगळा). लग्नघरात मामीचं राज्य चालू होतं. डेव्हन अव्हेन्यूच्या चकरा, मेंदीवालीचे फोन, पाहुण्यांच्या याद्या. आणि नवरीचा बाप? तो कानाला हेडफोन लावून, हातात एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला थाळीएवढी चकती घेऊन बागेत गवतावर झाडू मारल्यासारखा फिरत होता.

"त्याला कुणीतरी घरी घेऊन ये," मामी म्हणाली. मी गेले, आणि तिथलीच झाले.

यंत्राचा फंडा

मेटल डिटेक्टिंग हा आपल्याकडे फारसा माहीत नसलेला छंद. आपल्याला मेटल डिटेक्टर म्हटलं की मॉलचा दरवाजा आणि कंटाळलेला सिक्युरिटीवाला आठवतो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात मात्र शनिवार-रविवारी हे यंत्र घेऊन बाहेर पडणारे लोक भरपूर. यंत्र दोनशे-तीनशे डॉलरपासून मिळतं, हौसेला मोल नसेल तर हजाराच्या वरही जातं.

तत्त्व शाळेतल्या फिजिक्सचंच आहे. चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्या धातूत छोटे भोवरे-प्रवाह उठतात, आणि दुसरं वेटोळं ते पकडतं. उत्तर यायला किती उशीर झाला यावरून यंत्र अंदाज बांधतं की खाली लोखंड आहे, अॅल्युमिनियम आहे की चांदी. स्क्रीनवर आकडा येतो, कानात सूर. लोखंडाला जाडा घोगरा आवाज, चांदीला घंटेसारखा.

या विद्येची सुरुवात मात्र अपयशानेच झालीय, बरं का. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ती शरीरात नेमकी कुठे अडकलीय ते डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बनवलेलं धातुशोधक यंत्र घेऊन आले. गोळी सापडली नाही. पलंगातल्या स्प्रिंगांनी गोंधळ घातला, असं त्याचं कारण बहुतेक ठिकाणी सांगतात. थोडक्यात, आजूबाजूच्या फालतू धातूने कामाचा धातू लपवणं हे दुखणं पहिल्या दिवसापासूनचं आहे. मामाच्या बागेचं दुखणंही तेच.

"इथे काही उरलं नाही"

बागेचं नाव मी सांगणार नाही. मामाची अटच होती. डिटेक्टरवाले लोक एक वेळ बँकेचा पासवर्ड सांगतील, आपली जागा सांगणार नाहीत. एवढं सांगते की बाग शंभर वर्षांहून जुनी आहे, मोठमोठे ओक आहेत, आणि एके काळी तिथे रविवारी बँड वाजायचा. बँड म्हटला की माणसं आली, माणसं आली की सतरंज्या, सतरंज्या आल्या की खिशातून घरंगळलेली नाणी.

हे गणित मामाच्या आधी शेकडो लोकांना सुटलं होतं. 1970 च्या दशकात अशी यंत्रं सामान्य माणसाच्या हातात आली, आणि तेव्हापासून शहरातल्या प्रत्येक जुन्या बागेत लोकांनी इंच न् इंच पालथा घातला. वरवरची चांदी पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच गेली. चांदी म्हणजे खरोखरची चांदी. अमेरिकेत 1964 पर्यंतची दहा सेंटची नाणी (डाइम) आणि पाव डॉलर (क्वार्टर) नव्वद टक्के चांदीची असत. 1965 च्या कायद्याने त्यातून चांदी काढली आणि तांब्यावर निकेल-मिश्रणाचा पत्रा चढवला. त्यामुळे शोधणाऱ्यांच्या जगात दोनच युगं आहेत, चौसष्टच्या आधीचं आणि नंतरचं. आपल्याकडे जसं "लग्नाआधी" आणि "लग्नानंतर".

पहिल्याच दिवशी एक पांढऱ्या दाढीचे आजोबा भेटले. त्यांच्याही खांद्यावर यंत्र. माझ्या हातातलं खुरपं बघून हसले आणि म्हणाले की ते इथे तीस वर्षं येतायत, बाग केव्हाच संपली, आता फक्त बियरच्या डब्यांच्या चाव्या उरल्यात. मामाने मान डोलावली. ते गेल्यावर मला मराठीत म्हणाला, "बरं झालं. जाऊन सगळ्यांना असंच सांगू दे."

चाव्यांबद्दल मात्र आजोबांचं खरं होतं. 1960 च्या दशकात डब्याला ओढून उपटायची अॅल्युमिनियमची कडी आली, आणि पुढची पंधराएक वर्षं लोकांनी ती कडी उपटून जिथे उभे होते तिथेच टाकली. पुढे डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली, पण तोवर अमेरिकेच्या बागांमध्ये कड्यांचं पीक आलं होतं. वैताग असा की यंत्राच्या लेखी ही कडी, पाच सेंटचं निकेल आणि सोन्याची अंगठी ही जवळपास सख्खी भावंडं. आकडा तोच. त्यामुळे बहुतेक लोक तो आकडा आला की पुढे सरकतात. मामा सरकत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका "कडी"च्या जागी त्याला शाळेची अंगठी सापडली, आत नावाची आद्याक्षरं, वर साल 1968. शाळेत फोन करून करून मालकिणीचा पत्ता लावला आणि अंगठी पोस्टाने पाठवली. दर नाताळला तिचं कार्ड येतं. मामी म्हणते, "जगाच्या अंगठ्या शोधतो, माझी कुठे ठेवलीय ते मात्र माहीत नाही."

खिळ्यांचं रान

आता खिळ्यांकडे येऊ. मामा पूर्ण बाग फिरतच नाही. तो वाचनालयात जाऊन बसला, जुने नकाशे, जुनी पोस्टकार्डं, विमानातून काढलेले फोटो बघितले आणि बँडस्टँड नेमका कुठे होता ते शोधून काढलं. लाकडी बांधकाम होतं, पुढे पाडलं. पाडताना फळ्या गेल्या, खिळे मातीत राहिले. तिथे यंत्र धरलं की कानात पॉपकॉर्न फुटायला लागतात. एक सलग तडतड. कुठलाही शहाणा माणूस दोन मिनिटांत हेडफोन काढून पुढच्या मोकळ्या हिरवळीवर जातो. पन्नास वर्षं सगळे शहाणे लोक तसेच गेले.

मामाने तिथे दोऱ्या बांधून एक चौकोन आखला, आपल्या दिवाणखान्याएवढा. आणि तो खिळे काढतोय. एकेक. गेली दोन वर्षं!

"अगं, खिळा शेजारी असला ना, की नाण्याचा आवाज मरतो," त्याने मला समजावलं. "यंत्र खोटं बोलत नाही, पण दोघं एकदम बोलली तर मोठ्या आवाजाचा ऐकू येतो. मग मोठ्याला आधी बाहेर काढायचं."

त्याची चकतीही लहान आहे, जेमतेम बशीएवढी, म्हणजे एका वेळी कमी माती "ऐकू" येते. हात इतका सावकाश फिरवतो की बघणाऱ्याला वाटावं, याला बरं वाटत नाहीये. उत्तर-दक्षिण झालं की पूर्व-पश्चिम. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर स्वारी विशेष खुशीत, कारण ओल्या मातीत खोलवरचं थोडं जास्त ऐकू येतं. डाइमएवढं नाणं सहा-आठ इंचांच्या खाली गेलं की चांगल्या यंत्रालाही ते कुजबुजल्यासारखंच वाटतं.

नाणी खाली जातात तरी कशी, हा प्रश्न मला पडलाच. उत्तर, गांडुळं! ती खालची माती वर आणून टाकतात, वर पानं कुजून थर चढतो, आणि नाणं जिथल्या तिथे हळूहळू गाडलं जातं. चार्ल्स डार्विनने 1881 साली आपलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, त्यात त्याने हेच मोजलं होतं. (1881 हे साल या लेखात दुसऱ्यांदा येतंय. योगायोग, माझी चूक नाही.)

खणायचीही शिस्त आहे. गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची. माती कापडावर काढायची, काम झालं की परत भरायची, झाकण लावायचं, पायाने दाबायचं. उठल्यावर खड्डा कुठे होता ते ओळखू येता कामा नये. माझे पहिले चार खड्डे मामाने स्वतः पुन्हा नीट केले, काही न बोलता. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मामाच्या खिशात पार्क डिस्ट्रिक्टचं परमिट असतं. शिकागोच्या बागांत त्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. नॅशनल पार्कमध्ये तर डिटेक्टर वापरायलाच काय, न्यायलाही बंदी, आणि सरकारी जमिनीतल्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1979 चा वेगळा कायदा आहे.

मी लगेच उत्साहात म्हटलं, "मामा, एक यंत्र मला दे. आपल्या पर्वतीवर, सिंहगडावर काय काय असेल!"

"वेडी आहेस का? आत टाकतील."

खरंच टाकतील. भारतात 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, दडवलं तर शिक्षा. किल्ले आणि संरक्षित वास्तूंच्या आवारात खणणं हा वेगळा गुन्हा. आणि ते योग्यच आहे असं माझं मत. शिवराई कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली यावरून अभ्यासकांना पुष्कळ कळतं. तीच शिवराई जुन्या बाजारात पथारीवर पडली की उरतो फक्त भाव. बँडस्टँडखालच्या डाइमचं तसं नाही, तिथला इतिहास पोस्टकार्डावर छापलेला आहे. तरी मामा प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली वहीत लिहून ठेवतो. सवय, म्हणतो.

आपल्याकडे या छंदाचा एक चुलतभाऊ मात्र आहे. नाशिकला रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. भाविकांनी टाकलेली आजची स्टीलची नाणी चिकटून वर येतात. मी हे सांगितलं तर मामा खूश. "म्हणजे ती पोरं हवं ते चुंबकाने उचलतात, आणि मी नको ते," म्हणाला.

बुधवार

शनिवार-रविवारचा माझा हिशेब असा : खिळे 43, कड्या 14, बाटल्यांची झाकणं 9, चॉकलेटच्या चांदीच्या गोळ्या (ही चांदी नव्हे!) मोजल्या नाहीत, आणि एक-एक सेंटची सात नाणी. त्यातली सहा 1982 नंतरची, म्हणजे आतून जस्ताची. ती मातीत अशी कुजतात की जणू उंदराने कुरतडलीत. हा सेंट पाडणंच अमेरिकेने नोव्हेंबर 2025 मध्ये थांबवलं, पण बागेतला साठा पुढची शंभर वर्षं पुरेल. सातवं नाणं 1940 चं निघालं, मागे गव्हाच्या दोन लोंब्या. 1958 पर्यंत ती असत. मी नाचले. मामा म्हणाला, "छान," आणि पुढच्या खिळ्याकडे वळला.

मधेमधे येणारे-जाणारे विचारतात, "सोनं सापडलं का?" दिवसातून किमान पाच वेळा. मामा दर वेळी नव्याने हसतो. मी तिसऱ्या वेळेपर्यंत टिकले.

बुधवारी मामाने लग्नाची रजा काढली होती. मामीने हॉलवाल्याकडे पाठवलं होतं, आम्ही वाटेत "दहा मिनिटं" बागेत थांबलो. यंत्र माझ्या हातात. रविवारी जिथून मी तीन खिळे काढले होते, तिथेच परत फिरवत होते, कारण मामाचा नियम आहे, काढून झालेल्या जागेवर पुन्हा यायचं. आणि घोगऱ्या तडतडीच्या मधे एक बारीक, गोड आवाज आला. एकदाच. पुन्हा फिरवलं, गायब. चकती नव्वद अंशांत वळवली, पुन्हा आला.

"मामा."

त्याने हेडफोन माझ्याकडून घेतला. बराच वेळ ऐकलं. मग खाली बसला आणि स्वतः न खणता खुरपं माझ्या हातात दिलं.

सात इंचांवर एक खिळा आला. त्याच्याखाली, काळ्या मातीच्या ढेकळात, पांढरी कड. तांबं हिरवं होतं, निकेल लालसर होतं, पण चांदी या मातीतून कालच पडल्यासारखी बाहेर येते, हे मी फक्त ऐकलं होतं. बोटाने पुसली तर पंखांची टोपी घातलेली बाई. या नाण्याला सगळे "मर्क्युरी डाइम" म्हणतात, पण तो मर्क्युरी देव नाहीच, ती स्वातंत्र्यदेवता आहे. नाव चुकून पडलं आणि चिकटलं. साल 1920.

मी एवढ्या जोरात ओरडले की एका बाईचं कुत्रं भुंकायला लागलं. मामा नाणं तळहातावर घेऊन बसून राहिला. चांदीच्या भावाने बघितलं तर त्या नाण्यात एखाद्या कॉफीचे पैसेही जेमतेम निघतील.

"इथली पहिली," तो म्हणाला. "दोन वर्षांतली."

मग एकदम म्हणाला, "तुझ्या आजोबांकडे राणीछाप रुपये होते, माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं. आजोबा गेले त्याच वर्षी मी जन्मले. आईने कधी सांगितलं नाही. मामाने सांगितलं ते असं : पितळी डबीत चाळीस रुपये होते, व्हिक्टोरिया राणीचे. आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आलेले. 1989 साली मामाला अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायचे होते, परीक्षांच्या फिया डॉलरमध्ये. आजोबा डबी घेऊन साताऱ्यात सराफाकडे गेले. सराफाने नाणी मोजली नाहीत, तागडीत ओतली आणि तोळ्यावर घेतली. मामा दारात उभा होता. "नाणं म्हणून एकाकडेही बघितलं नाही गं त्याने. मी पण नाही बघितलं. मला फॉर्मची तारीख दिसत होती."

1997 मध्ये आजोबा गेले तेव्हा मामा ग्रीन कार्डाच्या रांगेत होता. येता आलं नाही. 2009 च्या मंदीत कंपनीने नारळ दिला, तेव्हा दिवसभर घरात बसवेना म्हणून कुणाकडून तरी जुनं यंत्र विकत घेतलं. पुढचं मी बघतच होते.

हॉलवाल्याकडे आम्ही दीड तास उशिरा पोचलो. मामीने माझ्याशीही अबोला धरला.

त्या रात्री पाहुणे झोपल्यावर मामाने स्वयंपाकघरात वजनकाटा काढला, मामीचा केकचा. कपाटातून लोणच्याची काचेची बरणी काढली. आत सोळा वर्षांची चांदी. डाइम, क्वार्टर, दोन-तीन अर्धे डॉलर, एक वाकडी अंगठी, एक तुटकी साखळी. बरणीचं वजन आधी वजा केलेलं. काट्यावर 388 ग्रॅम. त्याने आमचा डाइम वर ठेवला. 390.

"तुला किती हवीय?" मी विचारलं, आणि विचारता विचारता हिशेब माझ्याच लक्षात आला. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. चाळीस तोळे. मी फोनवर गुणाकार केला. 466.

"टंच थोडा कमी पडतो," मामा म्हणाला. "यांची नव्वद टक्के, आपल्या रुपयाची जवळपास ब्याण्णव. पण तेवढं चालेल."

"अजून शहात्तर ग्रॅम, मामा."

त्याने बरणीचं झाकण लावलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणातल्या गवतावर दव पडायला लागलं होतं. "जमीन गोठायला अजून पाच-सहा आठवडे आहेत," तो म्हणाला. "आणि चौकोनाचा ईशान्य कोपरा मी अजून उघडलेलाच नाही."